उच्चतापसह धातूंचे थ्रीडी प्रिंटिंग: पावडरीपासून कोटिंगपर्यंत, कोल्हापूरच्या कारखान्यातून

धातू वितळवणे ही कोल्हापुरात नवलाईची गोष्ट नाही. उद्यमनगरातील लहान भट्ट्यांपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमधील इंडक्शन फर्नेसपर्यंत इथल्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्य हीट काढण्यात, म्हणजे धातूचे घाण वितळवून ओतण्यात, घालवले आहे. त्यामुळे टंगस्टनचा वितळबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस आहे असे सांगितले की इथला फौंड्रीवाला पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे एवढी उष्णता आणायची कुठून आणि ती सोसणारी मूस कसली वापरायची. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये हे दोन्ही प्रश्न जवळजवळ निकालात निघालेले असतात. काहीशे वॉटचा लेझर शंभर मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) लहान ठिपक्यावर एकवटला की टंगस्टनची पावडरही वितळते, आणि वितळलेला थेंब त्याच धातूच्या घन थरावर पडलेला असल्यामुळे मूस लागतच नाही. खरी अडचण पुढे सुरू होते. टंगस्टनसारखे उच्चतापसह, म्हणजे अतिशय उंच वितळबिंदूचे, धातू गरम असताना हवेतील ऑक्सिजन ओढून घेतात आणि थंड होताना, विशेषतः टंगस्टन व मॉलिब्डेनम, तडकतात. या कामातील जवळपास प्रत्येक पायरी या दोनपैकी एका गोष्टीशी झगडण्यासाठी आहे, हे एकदा मनात पक्के बसले म्हणजे कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा ते आपोआप समजू लागते.

आमच्याकडे धातूचे प्रिंटिंग यंत्र नाही. प्रिंटिंग आम्ही बाहेरून करून घेतो. पावडरची तपासणी, साठवण, चाचणी तुकडे, प्रिंटनंतरचे मशिनिंग आणि अंतिम तपासणी कोल्हापुरात करतो. ज्यांना अशाच पद्धतीने काम सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्वतःचे यंत्र घेणाऱ्यालाही क्रम हाच ठेवावा लागेल.

पहिली पायरी: धातू कोणता, आणि धातूच हवा का

निकेलवर आधारित सुपरअलॉय (उष्णतेत भार पेलणारे मिश्रधातू) साधारण १०५० ते ११०० अंशांपर्यंत भार पेलतात. काम त्या मर्यादेत बसत असेल तर उच्चतापसह धातूंच्या वाटेला जाऊ नये, कारण त्या मिश्रधातूंची पावडर सहज मिळते, प्रिंटिंगची पद्धत रुळलेली आहे आणि कोटिंगशिवायही ते हवेत टिकतात. त्यापलीकडे गेल्यावर निओबियम (वितळबिंदू २४७७ अंश), मॉलिब्डेनम (२६२३), टँटलम (३०१७ च्या आसपास), ऱ्हेनियम (३१८६) आणि टंगस्टन अशी पाच नावे समोर येतात. वितळबिंदूच्या क्रमाने निवड करणे ही नवशिक्याची चूक असते. घनता, खोलीच्या तापमानाला असलेला चिवटपणा आणि हवेतील वर्तन या तीन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. निओबियमची घनता ८.५७, मॉलिब्डेनमची १०.२८, टँटलमची १६.६५ आणि टंगस्टनची १९.२५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आहे, म्हणजे उडणाऱ्या वस्तूत टंगस्टन घालणे हे बहुतेक वेळा गणितातच बसत नाही.

चिवटपणाच्या बाबतीत हे धातू सरळ दोन गटांत विभागले जातात. निओबियम व टँटलम शुद्ध असतील तर कडाक्याच्या थंडीतही वाकतात. टंगस्टन मात्र साधारण २०० ते ४०० अंशांच्या खाली, आणि अशुद्धी असल्यास त्याहूनही वरच्या तापमानाला, काचेसारखा ठिसूळ असतो; मॉलिब्डेनमची ही सीमारेषा खोलीच्या तापमानाच्या आसपास घोटाळते. लेझरने वितळलेला थर सेकंदाच्या हजाराव्या भागात थंड होतो आणि आकुंचन पावताना खालच्या थराला ओढतो. निओबियम ही ओढ स्वतः थोडासा ताणला जाऊन पचवतो, टंगस्टन ती पचवू शकत नाही. म्हणून पहिले काम हाती घेणाऱ्याला माझा स्पष्ट सल्ला निओबियमच्या सी-१०३ या मिश्रधातूचा आहे. त्यात वजनाने सुमारे १० टक्के हाफनियम आणि १ टक्का टायटॅनियम असते, घनता ८.८५ आहे आणि अपोलो मोहिमांच्या काळापासून रॉकेटच्या नोझलमध्ये त्याचा वापर झालेला आहे.

धातूच हवा का, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारावा. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनात नोझलचा फाकत जाणारा भाग वर्षानुवर्षे कोलंबियमचा, म्हणजे निओबियमचाच, असे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केले की तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने त्या जागी कार्बन-कार्बन संमिश्राचा भाग विकसित केला आहे, त्यामुळे त्या भागाचे वजन सुमारे ६७ टक्क्यांनी घटते आणि प्रक्षेपकाची वाहून नेण्याची क्षमता १५ किलोने वाढू शकते. सरळ फाकत जाणाऱ्या घंटेसारखा आकार असेल तर पत्रा वळवून किंवा संमिश्र वापरून तो अधिक स्वस्त होतो. प्रिंटिंगची बाजू तेव्हाच जड होते जेव्हा आत थंडाव्याच्या वाहिन्या, इंजेक्टरची बारीक छिद्रे किंवा चार-पाच जोड काढून एकच भाग करायचा असतो. सीटी स्कॅन यंत्रांतील टंगस्टनचे कॉलिमेटर (भरकटलेले क्ष-किरण अडवणारी जाळी) प्रिंट केले जातात ते याच कारणाने: तिथे उष्णतेपेक्षा पातळ भिंतींच्या जाळीला महत्त्व आहे, आणि अशी जाळी दुसऱ्या कोणत्या मार्गाने काढणे फार अवघड आहे.

दुसरी पायरी: पावडर

या लेखातील सर्वांत लांब भाग हाच आहे, आणि तो तसाच असायला हवा.

लेझर पावडर बेड यंत्रासाठी, म्हणजे पावडरचा एकेक पातळ थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या यंत्रासाठी, साधारण १५ ते ४५ मायक्रॉन आकाराचे आणि इलेक्ट्रॉन किरणाच्या यंत्रासाठी ४५ ते १०५ मायक्रॉनचे गोल कण लागतात. टंगस्टनची पावडर ऑक्साइडपासून हायड्रोजनच्या साहाय्याने बनवली जाते तेव्हा तिचे कण कोनदार असतात. ते प्लाझ्माच्या ज्योतीतून पाडून गोल करावे लागतात. सी-१०३ ची पावडर बहुधा त्याच मिश्रधातूच्या सळईचे टोक वितळवून, त्या धारेवर आर्गॉन या निष्क्रिय वायूचा झोत मारून बनवलेली असते. खरेदीच्या ऑर्डरमध्ये कणांचा आकार, वाहण्याचा वेग आणि ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन व हायड्रोजन यांचे प्रमाण लिहून घ्यावे, आणि डबा आल्यावर नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पुरवठादाराच्या दाखल्यावर विश्वास ठेवू नये असे नाही. परंतु दाखला डबा भरला त्या दिवसाचा असतो आणि आपल्याला डबा उघडला त्या दिवसाची माहिती हवी असते.

ऑक्सिजनवर एवढा भर का, हे एका हिशेबातून स्पष्ट होईल. ३० मायक्रॉन व्यासाच्या निओबियमच्या कणावर पाच नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आहे असे धरू. गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ हे सहा भागिले व्यास इतके असते, त्यामुळे थराचे घनफळ कणाच्या घनफळाच्या हजारावा भाग येते. ऑक्साइडची घनता ४.६ आणि त्यातील ऑक्सिजनचा वजनी वाटा ३० टक्के धरला तर धातूच्या वजनाच्या तुलनेत ऑक्सिजन सुमारे १६० पीपीएम (दहा लाखांत १६० भाग) भरतो. तोच थर १५ मायक्रॉनच्या कणावर असेल तर आकडा दुप्पट, म्हणजे ३२० पीपीएम होतो. घडीव सी-१०३ साठी ऑक्सिजनची प्रचलित मर्यादा २५० पीपीएमच्या घरात आहे. याचा अर्थ असा की प्रिंट सुरू होण्याआधी, नुसत्या पृष्ठभागाच्या जोरावर, बारीक पावडर मर्यादा ओलांडू शकते. म्हणून दहा-पंधरा मायक्रॉनखालचे बारीक कण चाळून बाजूला काढणे हे गुळगुळीत पृष्ठभागाच्या हौसेपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

आता आमची चूक सांगतो. जुलै महिना होता, बाहेर आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. पावडरचा डबा आम्ही मोजमापाच्या वातानुकूलित खोलीत ठेवला होता, आणि नमुना घेण्यासाठी तो थेट शॉपमध्ये आणून उघडला. थंड डब्यावर आणि वरच्या पावडरवर दमट हवेतील बाष्प बसले. डोळ्यांना काहीच दिसले नाही. पावडर थोडी गुठळते आहे असे जाणवले, पण तिकडे दुर्लक्ष करून आम्ही ती प्रिंटसाठी पाठवली. परत आलेल्या चाचणी पट्ट्यांपैकी एक मिलीमीटरची पट्टी बाकात धरून वाकवली तेव्हा निओबियम जसा मऊ वाकायला हवा तसा वाकला नाही. तीस अंशांवर कडकन तुटला. तुटलेला भाग खडबडीत, चकचकीत दाण्यांचा होता. वाळूत ओल राहिली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येतात हे ज्या गावात पोरालाही माहीत आहे, तिथे आम्ही पावडरीतली ओल विसरलो, ही गोष्ट आजही बोचते.

त्यानंतरची आमची पद्धत अशी आहे. डबा ज्या खोलीत उघडायचा त्या खोलीच्या तापमानाला तो आदल्या रात्रीपासून बंद अवस्थेत ठेवतो. खोलीत आर्द्रताशोषक चालू असतो आणि सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडत नाही. पावसाळ्यात यामुळे काम कधी दोन दिवस पुढे ढकलावे लागते, ते ढकलतो. चाळणी व भरणे आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) होते. पाठवण्याआधी पावडर निर्वात ओव्हनमध्ये ८० ते १०० अंशांवर काही तास वाळवून, आर्गॉनखाली डब्यात सीलबंद केली जाते. प्रत्येक डब्याची एक वही असते आणि पावडर किती वेळा यंत्रातून फिरली, प्रत्येक वेळी ऑक्सिजन किती आढळला हे तिच्यात लिहिले जाते. वापरलेली पावडर पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक फेरीत ऑक्सिजन वाढतच जातो, कमी कधी होत नाही.

सुरक्षिततेची बाब इथेच सांगणे योग्य, कारण अपघात पावडर हाताळतानाच होतात. निओबियम, टँटलम आणि विशेषतः हाफनियम-टायटॅनियम असलेली बारीक पावडर पेट घेऊ शकते. यंत्राच्या फिल्टरमध्ये साचणारी काजळीसारखी धूळ तर पावडरपेक्षाही धोकादायक असते. फिल्टर बदलण्याचे काम यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीनेच आणि प्रशिक्षित माणसानेच करावे. भांडी, चाळणी व माणूस अर्थिंगला जोडलेले असावेत. आगीसाठी धातूच्या आगीचे, म्हणजे डी वर्गाचे, अग्निशामक आणि कोरडी वाळू हाताशी हवी; पाणी मारू नये. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचतो, आणि आपल्याकडील जुन्या शेडमध्ये भट्टीचे खड्डे तसेच राहिलेले असतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली जाताच वाजणारा मापक गुडघ्याच्या उंचीवर लावावा. शेवटची गोष्ट साधी आहे: गोल कणांची टंगस्टन पावडर एका लिटरला अकरा किलोच्या आसपास भरते. पाच लिटरचा डबा एकट्याने उचलायला जाणाऱ्याची कंबर धरते.

तिसरी पायरी: यंत्र, वायू आणि पाया

लेझरच्या यंत्रात कक्ष आर्गॉनने भरलेला असतो. इतर धातूंसाठी हजार पीपीएमपर्यंतचा ऑक्सिजन चालवून घेणारे लोक आहेत. निओबियमसाठी तो शंभराच्या खाली आणि शक्य तर काही दहांत हवा. प्रिंट करून देणाऱ्याला हा आकडा तोंडी विचारू नये, मागील कामाचा आलेख मागावा, कारण कक्ष सुरुवातीला स्वच्छ असतो आणि दार, सील किंवा पावडर ओतण्याच्या झडपेतून हळूहळू हवा शिरते ती आलेखातच दिसते. इलेक्ट्रॉन किरणाचे यंत्र निर्वातात चालते आणि प्रत्येक थर आधीच शेकडो अंशांपर्यंत तापवते. टंगस्टनसाठी हजार अंश व त्याहून अधिक तापमान राखता येत असल्यामुळे धातू ठिसूळपणाच्या सीमेच्या वरच्या तापमानातच राहतो आणि भेगा टळतात. म्हणून टंगस्टनचे भार सोसणारे काम असेल तर मी इलेक्ट्रॉन किरणाकडे जाईन आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची किंमत मोजीन. लेझरने शुद्ध टंगस्टन घन करता येतो, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली बारीक भेगांचे जाळे बहुतेक वेळा दिसतेच. किरण अडवणाऱ्या जाळीला ते चालते, दाब सोसणाऱ्या नळीला चालत नाही. मॉलिब्डेनममध्ये अर्ध्या टक्क्याहून थोडा कमी कार्बन मिसळल्यास दाण्यांच्या सीमांवर जमणारा ऑक्सिजन आवरला जातो आणि भेगा थांबतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. ऱ्हेनियम मिसळूनही टंगस्टन व मॉलिब्डेनम चिवट होतात, पण ऱ्हेनियमचा भाव ऐकून बहुतेक ग्राहक विषय बदलतात.

पायाची पट्टी, म्हणजे जिच्यावर प्रिंट उभा राहतो ती जाड प्लेट, निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो धातू वरच्या धातूत मिसळल्यावर ठिसूळ संयुग तयार होते का. निओबियम आणि लोखंड यांचे असे संयुग होते, त्यामुळे पोलादी पट्टीवर सी-१०३ चे पहिले थर सुटण्याची भीती असते. टायटॅनियम व निओबियम मात्र कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात, म्हणून टायटॅनियमची पट्टी बरी. दुसरी गोष्ट म्हणजे प्रसरण. दर अंशाला दर मीटरमागे टंगस्टन सुमारे साडेचार मायक्रॉन, निओबियम सात आणि पोलाद बारा मायक्रॉन प्रसरण पावते. पोलादावर टंगस्टनचा रुंद, सपाट जॉब उभा केला की कोपरे उचलले जातात आणि पावडर पसरवणारे पाते त्यांना धडकते. टंगस्टनसाठी मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनचीच पट्टी महाग असली तरी एक वाया गेलेला प्रिंट तिच्याहून महाग पडतो.

आकाराच्या फाईलमध्ये आताच एक बदल करून ठेवावा: सर्व बाहेरच्या धारा किमान अर्धा मिलीमीटर गोलाई देऊन बोथट कराव्यात. कारण शेवटच्या पायरीवर कळेल.

चौथी पायरी: पॅरामीटर शोधणे

दुसऱ्याने छापलेले आकडे जसेच्या तसे आपल्या यंत्रावर चालत नाहीत. पावडर बदलली तरी ते बदलतात. सुरुवात एकेरी रेषांपासून करावी: पायाच्या पट्टीवर एक थर पावडर पसरून वेगवेगळ्या शक्ती व वेगाने रेषा ओढाव्यात, त्या आडव्या कापून वितळलेल्या भागाची खोली पाहावी. खालच्या थरात एक ते दीड थराइतकी खोली गेलेली असावी. नंतर दहा मिलीमीटरचे घन करावेत. घनफळी ऊर्जेचे सूत्र सोपे आहे: लेझरची शक्ती भागिले वेग, दोन रेषांतील अंतर आणि थराची जाडी यांचा गुणाकार. २५० वॉट, सेकंदाला ८०० मिलीमीटर, अंतर ०.१ आणि थर ०.०३ मिलीमीटर धरल्यास घनमिलीमीटरला १०४ ज्यूल येतात. टंगस्टनची उष्णतावाहकता निओबियमच्या तिप्पट असल्यामुळे त्याला बहुतेक वेळा याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा द्यावी लागते.

मात्र हे सूत्र घाटातल्या मैलाच्या दगडासारखे आहे; अंतर सांगते, रस्ता दाखवत नाही. शक्ती १२५ वॉट आणि वेग ४०० केला तरी उत्तर १०४ च येते, पण वितळलेल्या डबक्याचा आकार पूर्ण वेगळा असतो. पहिल्यात खोल खुंटीसारखा वितळ होऊन तळाशी गोल पोकळ्या अडकू शकतात, दुसऱ्यात थर नीट न जुळल्यामुळे वेड्यावाकड्या फटी राहू शकतात. गोल पोकळी म्हणजे ऊर्जा जास्त, वेडीवाकडी फट म्हणजे ऊर्जा कमी, हे ओळखायला एकदा डोळा बसला की सूत्र मागे पडते. प्रत्येक थरानंतर रेषांची दिशा ६७ अंशांनी फिरवावी, म्हणजे एकाच दिशेने ताण साचत नाही. तीन शक्ती आणि तीन वेग मिळून नऊ घन, आणि त्यांच्यासोबत एक मिलीमीटर जाडीच्या नऊ पट्ट्या, एवढा पहिला प्रिंट पुरेसा होतो. पट्ट्या विसरू नयेत. घन घनता सांगतो, पट्टी चिवटपणा सांगते.

पाचवी पायरी: प्रिंट, आणि पट्टीवरून सुटका

साठ मिलीमीटर उंच जॉब तीस मायक्रॉनच्या थरांनी दोन हजार थरांत पूर्ण होतो. या काळात ऑक्सिजनचा आलेख आणि थरांची छायाचित्रे साठवून घ्यावीत. प्रिंट संपल्यावर कक्ष लगेच उघडू नये. निओबियम व टँटलम तीनशे अंशांवरही वायू शोषू लागतात, म्हणून हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत आर्गॉन चालू ठेवावा. रंग हा पहिला निरीक्षक असतो. चंदेरी जॉब चांगला, फिकट सोनेरी शंकास्पद, निळा किंवा राखाडी जॉब पुढच्या पायरीवर नेऊ नये. आतील वाहिन्यांमधील पावडर उष्णोपचारापूर्वीच संपूर्ण काढावी, कारण नंतर ती तिथेच घट्ट होते. पायाच्या पट्टीवरून जॉब वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) सोडवावा, पण आधी पुढच्या पायरीत सांगितल्याप्रमाणे ताण काढून.

सहावी पायरी: उष्णोपचार

सी-१०३ साठी ताण काढण्याचे तापमान नऊशे अंशांच्या आसपास आणि संपूर्ण मृदुकरणाचे बाराशे ते तेराशे अंशांच्या दरम्यान असते. आकड्यांपेक्षा भट्टी महत्त्वाची. निर्वात १० चा उणे ५ वा घात मिलीबार किंवा त्याहून चांगला हवा, तापणारा भाग ग्रॅफाइटचा नसून मॉलिब्डेनमसारख्या धातूचा हवा, आणि जॉब टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेला हवा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन आधी तो पत्रा खातो. आम्ही एकदा ही काळजी घेतली नाही. भट्टी चांगली असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते; त्याआधी तिच्यात कोणते काम झाले होते हे आम्ही विचारले नाही. जॉब दिसायला स्वच्छ आले, पण कडेची कठिणता गाभ्यापेक्षा जवळजवळ दीडपट निघाली. तेव्हापासून मुख्य कामाच्या आदल्या दिवशी त्याच भट्टीत रिकाम्या चक्रासोबत चकचकीत घासलेला टायटॅनियमचा तुकडा ठेवायला सांगतो. तो चकचकीत परत आला तरच जॉब पाठवतो.

आत बंद पोकळ्या राहिल्या असतील तर सर्व बाजूंनी सुमारे १०० मेगापास्कल दाबाखाली तापवून त्या मिटवता येतात. पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली भेग या उपचाराने मिटत नाही, कारण दाबाचा वायूच तिच्यात शिरतो. भेगाळलेला टंगस्टन यातून वाचेल अशी आशा धरू नये.

सातवी पायरी: तपासणी

घनतेसाठी पाण्यात बुडवून वजन करण्याची जुनी पद्धत उत्तम चालते. सी-१०३ चा एक घनसेंटीमीटरचा तुकडा ८.८५ ग्रॅम भरायला हवा. नव्याण्णव टक्के घनता म्हणजे ८.७६, तेव्हा मिलिग्रॅमचा तराजू लागतो आणि पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही निकाल बिघडवतो. पाण्यात साबणाचा थेंब टाकावा. क्ष-किरण सीटीवर फार भिस्त ठेवू नये, कारण टंगस्टन व टँटलम क्ष-किरण अडवण्यासाठीच प्रसिद्ध आहेत आणि काही मिलीमीटर जाडीच्या पुढे चित्रात काहीच दिसत नाही. कापलेला निओबियमचा नमुना पॉलिश करताना धातू मऊ असल्यामुळे पसरतो आणि पोकळ्या झाकतो. शेवटचे पॉलिश कोलॉइडी सिलिकाने बराच वेळ करावे, नाहीतर खोटी चांगली घनता दिसते.

माझा सर्वांत विश्वासाचा तपास कठिणतेचा आहे. कडेपासून गाभ्यापर्यंत अर्ध्या अर्ध्या मिलीमीटरवर विकर्स कठिणता (हिऱ्याच्या टोकाने दाबून मोजलेली) घ्यावी. सगळीकडे सारखी आणि कमी असेल तर पावडर व भट्टी दोन्ही निर्दोष. सगळीकडे सारखी पण जास्त असेल तर दोष पावडरीत किंवा प्रिंटमध्ये. फक्त कडेला जास्त असेल तर दोष भट्टीत. प्रयोगशाळेचा ऑक्सिजन अहवाल येण्याच्या आठवडाभर आधी हे तीन निष्कर्ष आपल्याच टेबलावर मिळतात.

आठवी पायरी: मशिनिंग

सी-१०३ लेथवर तांब्यासारखा चिकटतो आणि हत्याराच्या टोकाला गोळा धरतो. धारदार, पॉलिश केलेले कार्बाइड इन्सर्ट, भरपूर कूलंट आणि न थांबणारी फीड एवढे पाळले तर आपला नेहमीचा कारागीर दोन दिवसांत हात बसवतो. टंगस्टनला ग्राइंडिंग किंवा ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणे), आणि ईडीएमने पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात म्हणून शेवटचा काही दशांश मिलीमीटर हलक्या कटांनी काढावा. टंगस्टनचा जॉब चकमध्ये आवळताना थांबा. लोखंडाला लागतो तेवढा जोर लावला की तो फुटतो.

नववी पायरी: कोटिंग

निओबियम व मॉलिब्डेनम उघड्या अवस्थेत उष्ण हवेत चालत नाहीत. मॉलिब्डेनमचा ऑक्साइड ७९५ अंशांच्या आसपास वितळतो आणि उडून जातो, त्यामुळे जॉब डोळ्यांदेखत धूर होऊन झिजतो. निओबियमवर पांढुरका ऑक्साइड फुगतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून सिलिसाइडचे, म्हणजे सिलिकॉन व धातू यांच्या संयुगाचे, कोटिंग लागते. सी-१०३ साठी प्रचलित मिश्रण सिलिकॉनमध्ये २० टक्के क्रोमियम व २० टक्के लोखंड असे आहे. त्याची पावडर लाखेत कालवून फवारतात किंवा जॉब बुडवतात, वाळवतात आणि निर्वातात १४०० अंशांच्या आसपास सुमारे एक तास तापवतात. त्यातून शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडीचा, मूळ धातूत थोडा शिरलेला थर मिळतो, म्हणून जोडाच्या मापांना आधीच सूट ठेवावी लागते. तीक्ष्ण धारेवर हा थर दोन्ही बाजूंनी पातळ होत जाऊन उघडा पडतो. तिसऱ्या पायरीत धारा बोथट करून घेतल्या त्या यासाठी. प्रिंट केलेल्या खडबडीत पृष्ठभागावरचे अर्धवट चिकटलेले कणही याच कारणाने आधी घासून किंवा आम्लाने काढावेत, नाहीतर प्रत्येक कणाच्या मुळाशी एक उघडी फट राहते. फॉस्फरस-सल्फरवाले कटिंग ऑइल राहिलेले जॉब कोटिंगला पाठवू नयेत. पहिल्यांदा ऑइल धुवायचे, मग आम्ल.

प्रत्येक खेपेसोबत दोन पट्ट्या कोटिंग करून घ्याव्यात आणि एक तशीच ठेवावी. उष्णोपचाराची साधी, हवेची मफल भट्टी कोल्हापुरात कुठल्याही हार्डनिंगवाल्याकडे मिळते. तिच्यात ११०० अंशांवर तिन्ही पट्ट्या तासभर ठेवाव्यात. उघडी पट्टी फुगून, दुधाळ पापुद्र्यांची होऊन बाहेर येते आणि चिमट्याने धरताच तिच्या कडा झडतात. कोटिंगवाल्या पट्ट्या गडद राखाडी राहायला हव्यात. त्यांच्या कोपऱ्यांवर भिंगाने पाहावे. पांढरा ठिपका सर्वांत आधी तिथेच उमटतो, आणि तो मोहरीएवढा जरी दिसला तरी ती खेप परत कोटिंगला जाते.